गोलपोस्टपाशी फोडलेला शेवटचा नारळ

मित्रांनो, मी एक जुना गोलपोस्ट आहे. आहे म्हणावे की होतो म्हणावे, हे मला नीट ठरवता येत नाही. माझे दोन उभे खांब आता भंगारात गेले आहेत. उरलो आहे तो वरचा आडवा दांडा. तोही मैदानात नाही. जळगावच्या एका चौकात बॅनर लावायच्या सांगाड्यात मला जोडले आहे. एवढ्याशा दांड्याने स्वतःची गोष्ट सांगावी का, अशी शंका मला येते. पण दुसरे कोणी सांगेल असे दिसत नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म पाण्यासाठी झाला होता. रावेरकडच्या एका केळीच्या बागेत मी बोअरवेलचा पाईप होतो. जमिनीच्या पोटात, अंधारात, गार पाण्याच्या संगतीत माझी पहिली वर्षे गेली. पाणी खोल गेले, बोअर आटली, मालकाने आम्हाला वर ओढून काढले आणि विकले. जळगावच्या एका वेल्डिंगच्या दुकानात आमचे तीन तुकडे जोडून गोलपोस्ट केला. कारागिराने उभे पाईप जरा आखूड कापले. त्यामुळे मी नियमापेक्षा थोडा बुटकाच राहिलो. धुळ्याचे खेळाडू आले की हमखास आमच्या अहिराणीत म्हणायचे, "गोल शे का गुरासना गोठाना दरवाजा?" मला फार वाईट वाटे. पण त्यांचे चुकत होते असेही म्हणता येत नाही.

आमचे मैदान वस्तीच्या मधोमध होते. गवताचे नाव नव्हते. उन्हाळ्यात जमीन तव्यासारखी तापायची आणि मी इतका तापायचो की मला हात लावलेला गोलकीपर ओरडून मागे सरायचा. मैदानाच्या कडेला मगनची चहाची गाडी होती आणि माझ्या मागे एका दगडावर सुकदेव नाना बसायचे.

नाना एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झाले होते. फुटबॉलचे त्यांना वेड होते. आपल्या भागात क्रिकेटशिवाय दुसरा खेळ असतो हेच पुष्कळांना माहीत नाही, त्यामुळे नानांना लोक थोडे विक्षिप्त समजत. ते रोज संध्याकाळी यायचे, चहा मागवायचे आणि मत द्यायला सुरुवात करायचे. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होते. पास चुकला तर मत, नळाला पाणी आले नाही तर मत, रस्त्याच्या कडेची कडुनिंबाची झाडे तोडली तर त्यावरही मत.

"मगन, आपला रस्ता कसाले दुरुस्त करत नही, माहीत शे?" ते विचारायचे.

"कसाले, नाना?"

"पोऱ्यासले ड्रिबलिंग शिकाडाले! खड्डा चुकाडत चुकाडत स्टेशनपर्यंत गया, तो राज्याना टीममा गया समज."

पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. "हाफ टाइमले बाजू बदलतस, तो नियम शे. पण ह्या लोके त्याच बाजूले उभा राहीसन जर्सी बदलतस!"

मगन म्हणायचा, "नाना, तुम्ही हाई माईकवर बोला. माले सांगीसन काय फायदा? मी त चहावाला शे."

"बोलसू. टाइम उना म्हणजे बोलसू," नाना म्हणायचे.

मी ऐकत असे. नाना बरोबर बोलतात असे मला वाटे, पण माझे तोंड एकाच दिशेला होते. मैदानाच्या पलीकडचे शहर मला दिसत नसे. जेवढे कळे ते नानांकडून आणि माझ्या अंगावर बांधलेल्या बॅनरवरून. वाचायलाही मी बॅनरवरूनच शिकलो. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हे माझे पहिले वाक्य.

दसऱ्याला मात्र माझा सण असायचा. लोक वाहनांची, अवजारांची पूजा करतात. आमचे खेळाडू माझी करायचे. खांबांना हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि उजव्या खांबाच्या पायथ्याशी नानांच्या हातून नारळ. नारळ फुटला की हंगाम सुरू. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत पोरे मैदानात पळायची. वर्षातून तेवढा एक दिवस मला कोणी बुटका म्हणत नसे.

या मैदानावर जितेंद्र नावाचा एक मुलगा खेळला. पायात वीज होती. एकदा त्याचा फटका माझ्या आडव्या दांड्याला असा बसला की मला पोचा पडला. तो अजून आहे. नाना प्रत्येक नव्या मुलाला तो दाखवायचे. "देख, हाई जितेंद्रनी निशाणी शे."

पुढे जितेंद्र मोठा झाला आणि राजकारणात गेला. महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा तो उभा राहिला. एका संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांत, पन्नास माणसे मागे घेऊन तो मैदानात आला. त्याने माझ्या खांबावर हात ठेवला.

"नाना, या गोलपोस्टची शपथ. निवडून आलो तर हे मैदान असं करीन, की धुळ्याचे पोरं इथं खेळायला रांग लावतील."

नानांचे डोळे भरून आले. ज्या माणसाने जन्मभर पुढाऱ्यांची टिंगल केली, तो दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरू लागला. "आपला पोऱ्या शे," ते सांगत, "गोल मारेल शे त्यानी, खोटं बोलाव नही."

जितेंद्र निवडून आला. गुलालाने मी लाल झालो.

आता प्रज्ञाविषयी सांगितले पाहिजे. प्रज्ञा नानांच्या गल्लीत राहणारी. कॉलेजात शिकते आणि गोलकीपर आहे. माझ्या दोन खांबांमध्ये तिच्याइतके निर्भय कोणी उभे राहिले नाही. तिच्या कॉलेजचा धुळ्याच्या मुलींशी सामना होता तेव्हा त्यांच्याबरोबर आलेली माणसे ओरडत होती, "जळगावले केळी पिकतस, गोल नही पिकत!" सामना बरोबरीत सुटून पेनल्टींवर गेला, तेव्हा प्रज्ञाने शेवटची पेनल्टी अडवली आणि वळून म्हणाली, "केळी घेऊन जा दादा, गोल इथंच ठेवला आहे." त्या दिवशी नाना दगडावरून उठून नाचले.

त्यानंतर प्रज्ञाने वस्तीतल्या मुली गोळा केल्या. मुली गोळा करणे सोपे नसते, मित्रांनो. लताबाईंनी आपल्या कामिनीला पाठवले ते एवढ्यासाठी, की मैदान घराच्या दारातून दिसते आणि नाना तिथे बसलेले असतात. "दिसते तोवर खेळ," त्या म्हणाल्या होत्या. बहुतेक मुलींचे असेच होते. मैदान जवळ होते म्हणून त्या खेळत होत्या. कामिनीचा डावा पाय फार सुंदर होता. ती जिल्ह्याच्या संघात जाणार, असे प्रज्ञा म्हणायची.

मग मैदानाच्या फाटकावर फलक लागला. प्रज्ञाने तो वाचला आणि धावत नानांकडे आली.

"नाना, अर्ध्या मैदानावर बॉक्स क्रिकेट होणार आहे. जाळी लावून. तासावर भाड्यानं द्यायचं. उरलेल्या अर्ध्यात पार्किंग आणि खाण्याच्या गाड्या. फुटबॉल कुठंच नाही. भूमिपूजनाची तारीखही लिहिली आहे."

"जितेंद्रनी देखेल नसीन," नाना म्हणाले.

"त्याचाच फोटो आहे फलकावर."

नानांनी हातातला ग्लास खाली ठेवला. चहा गार झाला. मग म्हणाले, "भूमिपूजनले बठ्ठा येतीन. साहेब, पत्रकार, बठ्ठा. मी माईक लिसन बोलसू. शपथ लियेल शे त्यानी, ती याद करी देसू."

"नक्की ना, नाना?"

"पोरी, मी कधी बोलाले घाबरना का?"

मगन गाडीवरून म्हणाला, "उना टाइम! आते बोला, नाना!"

भूमिपूजनाच्या दिवशी मंडप माझ्या पुढेच होता. माझ्या दोन खांबांमध्ये लाल फीत बांधली होती. बाजूला जेसीबी झेंडूच्या माळा घालून उभा होता. नाना इस्त्रीचा सदरा घालून आले. प्रज्ञा आणि मुली जर्सी घालून मागे उभ्या होत्या. लताबाईही दारात येऊन बघत होत्या. नाना आज बोलणार हे वस्तीत सगळ्यांना माहीत होते. मला वाटते, जितेंद्रलाही माहीत होते.

भाषणे सुरू व्हायच्या आधीच निवेदकाने नाव पुकारले. "ज्येष्ठ क्रीडाप्रेमी, आपल्या सर्वांचे मार्गदर्शक, सुकदेव नाना!"

नाना गोंधळले. दोघांनी त्यांना हात धरून मंचावर नेले. डोक्यावर टोपी ठेवली. अंगावर शाल पांघरली. जितेंद्रने वाकून, अगदी जमिनीला हात लावून, त्यांच्या पायांना स्पर्श केला. "मी जो काही आहे तो नानांमुळे," तो माईकवर म्हणाला. "म्हणून ठरवलं, पहिला मान नानांचा. नारळ नानांच्याच हातानं फुटणार."

टाळ्या झाल्या. नानांच्या हातात नारळ आला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. दर दसऱ्याला ते हात ज्या वाटेने येत, त्याच वाटेने आले. उजव्या खांबाच्या पायथ्याशी वाकले. नारळ एका फटक्यात फुटला. त्याचे पाणी माझ्या पायावरून ओघळले. मी बोअरचा पाईप. पाण्याचा स्पर्श मला कधी परका वाटला नव्हता. त्या दिवशी वाटला.

मग माईक त्यांच्यापुढे धरला गेला. मागे प्रज्ञा टाचा उंचावून पाहत होती.

"सगळ्यांचे आभार," नाना म्हणाले. "असंच काम होत राहो."

बस, एवढेच. ज्या माणसाला खड्ड्यापासून मुंबईच्या सरकारपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत होते, त्याच्या तोंडून तेवढेच निघाले. आपल्याकडे मान घेतला की देणाऱ्याविरुद्ध बोलायचे नसते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण फुटबॉलच्या नियमांपेक्षा तो कडक पाळला जातो. जितेंद्रला तो ठाऊक होता. मैदानात असतानाही तो गोलकीपरला आधी भलतीकडे हलवायचा आणि मग मारायचा.

कार्यक्रम संपल्यावर प्रज्ञा माझ्यापाशी आली. नाना खांबाला टेकून उभे होते.

"नाना, बोलणार होते ना तुम्ही?"

नानांनी शाल चाचपली. "माय, आंगवर शाल व्हती," ते म्हणाले.

 प्रज्ञाने मुलींना हाक मारली आणि ती निघून गेली. जेसीबीचे इंजिन सुरू झाले.

मला गॅस कटरने कापले. उभे खांब हातगाडीवर गेले. मी मजबूत आहे असे कोणीतरी म्हणाले. इतक्या वर्षांत माझी तेवढीच स्तुती. म्हणून मला चौकातल्या सांगाड्यात जोडले. पहिलाच बॅनर लागला तो जितेंद्रच्या वाढदिवसाचा. मधे तो, हात जोडून. खाली शुभेच्छुकांचे लहान लहान गोल फोटो. त्यांतला एक नानांचा, शाल पांघरलेला. त्यांना कोणी विचारले नव्हते. नाना पुष्कळ दिवस चौकातून जाताना मान खाली घालून जायचे. मगनची गाडीही मैदानाच्या कडेवरून हटवली गेली. आता ती पार्किंगमागच्या गल्लीत उभी असते. नाना तिथे चहा घेतात, पण मत देत नाहीत.

कामिनीचा खेळ बंद झाला. दुसरे मैदान शहराबाहेर आहे. "दिसत नाही, तर जायचं नाही," लताबाई म्हणाल्या. आईचे तरी काय चुकले?

माझा चौक जुन्या मैदानाला लागूनच आहे, त्यामुळे सांगाड्यावरून मला पार्किंगमागची मोकळी पट्टी दिसते. परवा तिथे प्रज्ञा दिसली. बरोबर चारच मुली होत्या. गोलासाठी एका बाजूला वीट होती, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हते. मुली दुसरी वीट शोधत होत्या. नाना चहाचा ग्लास ठेवून उठले. त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी ती शाल काढली, नीट घडी केली आणि दुसऱ्या खांबाच्या जागी जमिनीवर ठेवली. मग प्रज्ञाकडे पाहिले. मला वाटते, त्यांना क्षमा हवी होती.

प्रज्ञाने शाल उचलली, धूळ झटकली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"शाल वाऱ्यानं सरकते, नाना," ती म्हणाली. "वीट आणा."

नाना पार्किंगच्या कडेला गेले. तिथे उरलेले पेव्हर ब्लॉक पडले होते. त्यांनी एक उचलला. वजन त्यांना झेपत नव्हते, पण त्यांनी कोणाची मदत घेतली नाही. ब्लॉक जागेवर ठेवला, पायाने दाबून पाहिला आणि त्याच्या मागे जमिनीवरच बसले. शाल त्यांच्या मांडीवर होती. खेळ सुरू झाला. लताबाईंच्या दारातून ती पट्टी दिसत नाही. कामिनी आली नाही.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही. आटलेल्या बोअरचा एक पाईप आहे आणि माझे म्हणणे चुकीचेही असू शकेल. पण तुमच्या गावात एखादा गोलपोस्ट अजून उभा असेल तर त्याला माळ नाही घातली तरी चालेल. गंजला तर थोडा रंग द्या. बुटका असला तर हसा. त्याच्या पायाशी कोणी नारळ घेऊन आले, तर मात्र फोडण्याआधी विचारा, हा नारळ कशाचा आहे. आणि विचारताना अंगावर शाल घेऊ नका.

वारा सुटला आहे. माझ्यावरचा बॅनर फडफडतो आहे आणि त्याच्या कोपऱ्यातला नानांचा फोटो मधूनमधून दुमडतो. बॅनर फाटेल, नवा लागेल. माझ्या अंगावरचा तो पोचा मात्र त्याच्यामागे तसाच राहील; आता तो कोणाला दिसत नाही.