विटकरीची पूड

मानसिंगरावांच्या तरसालीच्या घरात पणजोबांची तलवार होती, संस्थानच्या फौजेतली. दर खंडेनवमीला ती विटकरीच्या वस्त्रगाळ पुडीनं घासायची आणि झेंडू वाहून देवीपुढे ठेवायची, हा घरचा नेम. यंदा थोडी पूड उरली. त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी ती पुडीत बांधली तशी मानसिंगरावांनी उचलली आणि वाघोडियाचा कारखाना गाठला.

एकतीस वर्षं ज्या बॉयलरनं घर चालवलं, त्याचीही पूजा नको का? त्यातून हा शेवटचा दसरा. महिनाअखेर निवृत्ती. शाल-श्रीफळाबरोबर ‘एकतीस वर्षांत एकही चूक नाही’ अशी पितळी पाटी मिळणार, हे मॅनेजर हार्दिकभाईंनी आधीच फोडून टाकलं होतं. लीलाबाईंनी तर भिंतीवर खिळाही ठोकून ठेवला होता.

सुट्टीचा बॉयलर गार होता. मानसिंगरावांनी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन्ही काचनळ्यांची कवचं काढली, पूड लावून नळ्या मनापासून घासल्या, कवचांना कुंकू लावून ती पुन्हा बसवली आणि हात जोडले.

एकादशीला पहाटे बॉयलर पेटवायचा होता. त्यांच्या जागी येणारी वैष्णवी बॅटरी घेऊन एकेक वस्तू तपासत होती.

“काका, नळीला केस चिकटलेत का हो? पुसून जात नाहीत.”

मानसिंगराव वाकले. केस नव्हते, रेघा होत्या. बारीक, आडव्या, दोन्ही नळ्यांवर. ओरखडा पडलेली काच दाबाखाली कधी फुटेल याचा नेम नाही, आणि फुटली की उकळतं पाणी समोरच्याच्या तोंडावर, हे या मुलीला त्यांनीच शिकवलं होतं. आता पाळीत वीसदा या काचेसमोर तिचंच तोंड असणार होतं.

तेवढ्यात हार्दिकभाई आले, त्यांनीही रेघा पाहिल्या. “चालशे काका, चालशे! दहाला स्टीम पाहिजे. मालच खराब आला असेल, दुकानदाराला झापतो.”

सुटका आपल्या पायांनी दारात आली होती. मानसिंगरावांनी नळीवरच्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “माल चोख होता. मी घासल्या. विटकरीच्या पुडीनं.”

“अरे काका! काच छे, तपेलुं नथी!”

वैष्णवीला हसू फुटलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते तिनं गिळलं.

“दोन्ही बदलल्याशिवाय बॉयलर पेटणार नाही,” मानसिंगराव हळूच म्हणाले.

“बारा वाजतील!”

“वाजू देत.”

नव्या नळ्या निघाल्या. “जुने वॉशर बरे दिसतायत, काका,” वैष्णवी म्हणाली.

“नव्या काचेला नवेच. आणि टोक लोखंडाला टेकू देऊ नकोस. तापली की काच वाढते, तिला जागा लागते.”

तिनं पान्यावर जोर दिला तसा त्यांनी हात धरला. “अगं, बरणीचं झाकण आहे का? आधी हातानं, मग पान्याचा नुसता इशारा.”

कवचं लागली. मग आग, तीही मंद. पाणी तापलं, दाब चढू लागला, आणि एका नटाखाली थेंब दिसला. वैष्णवीचा हात पान्याकडे गेला.

“दाब असताना नाही! आग काढ. गार होऊ दे, मग बघू.”

बाराचे तीन वाजले. कारखाना खोळंबला, हार्दिकभाई कपाळ धरून बसले. नोंदवहीत मानसिंगरावांनी लिहिलं: ‘दोन्ही काचा बदलल्या. कारण, माझी चूक.’ खाली पूर्ण सही केली.

घरी आल्यावर त्यांनी पुडी लीलाबाईंच्या हाती दिली. “ही देवघरातच ठेव. तलवारीपुरतीच आहे.” मग सगळं सांगितलं. लीलाबाईंनी ऐकून घेतलं, भगरीचं ताट पुढे केलं आणि एवढंच विचारलं, “पोरीला लागलं नाही ना?”

महिनाअखेरीच्या समारंभात पाटी मिळाली. तिच्यावर नाव होतं, वर्षं होती, बाकी काही नव्हतं. हार्दिकभाई नजर चुकवत पुटपुटले, “काका, शुं करूं? तुम्हीच लिहून ठेवलंत.”

वैष्णवी पाळीवर होती म्हणून समारंभाला आली नव्हती. निघताना मानसिंगराव बॉयलरपाशी डोकावले. ती पातळी बघत होती, काचेच्या समोर नाही, बाजूला उभी राहून. त्यांनी तिला हाक मारली नाही. शाल सावरून ते पाटी घेऊन घरी निघाले. खिळा ठोकलेला होताच.