नैऋत्येची खुर्ची

नंदकुमार परब रिटायर झाले आणि त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात येऊन बसले.

सगळी नोकरी त्यांनी एका औषधांच्या कंपनीत स्टोअरकीपर म्हणून काढली होती. कुठली वस्तू कुठल्या रॅकवर, हे डोळे मिटून सांगणारा माणूस. आता त्यांच्या वाट्याला रॅक उरले ते कांदिवलीच्या वन बीएचकेमध्ये, नलिनीच्या ओट्याभोवतीचे. फ्रिजला टेकून ते स्टूल टाकत आणि देखरेख करत.

"कांदा अजून लाल होऊ दे," ते म्हणत. "झाकण ठेव, वाफ जातेय."

नलिनी लग्न होऊन आली तेव्हापासून कांदा तीच परतत होती आणि आजवर कुणी उपाशी उठलं नव्हतं. तरी ती झाकण ठेवायची. पण एकदा ती भाजी घेऊन परत आली, तर मसाल्याचे सगळे डबे वर्णमालेप्रमाणे लावलेले. आमसूल अगदी हाताशी आणि हळद सगळ्यात वरच्या फळीवर, मागे, जिथं तिचा हात पोचत नव्हता. त्या दिवशी डाळ पांढरीच झाली. जेवणं उरकल्यावर नलिनीने बोरिवलीला भाच्याला फोन लावला.

अनिरुद्ध इंटिरियरची कामं घ्यायचा. त्याने वास्तुशास्त्राचा कोर्सही केला होता, कारण हल्ली गिऱ्हाईक सोफ्याच्या रंगाआधी दिशा विचारतं.

"आत्या, तुला नक्की काय हवंय?"

"त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढ."

"शास्त्रात असं थेट काही सांगितलेलं नाही गं."

"मग जे सांगितलंय त्यातून काढ काहीतरी."

रविवारी अनिरुद्ध होकायंत्र घेऊन आला. घरभर फिरला, भिंतींना हात लावून पाहिलं, एकदोनदा 'हं' म्हणाला. नलिनी चहा गाळत सगळं ऐकत होती.

"काका, हा आग्नेय कोपरा. अग्नीची जागा. स्वयंपाकघर बरोब्बर इथंच आलंय, नशीबवान आहात." मग तो हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी गेला आणि नाक चोळत म्हणाला, "आणि ही नैऋत्य. घरातल्या कर्त्या माणसानं इथं बसावं. घर स्थिर राहतं."

नलिनीने वादाची तयारी ठेवली होती. पण नंदू नुसतं "बरं" म्हणाले, माळ्यावरून वडिलांची वेताची खुर्ची काढली, पुसली आणि खिडकीपाशी मांडून तिच्यावर बसले. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही केलं, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी तिने एकटीने, रेडिओ लावून बांगड्याचं तिखलं केलं आणि बऱ्याच दिवसांनी तिला स्वतःच्या हाताची चव लागली.

हे सुख काही फार टिकलं नाही. खुर्चीत बसून माणूस करणार काय? नंदू वाचायला लागले. वास्तूवरची पुस्तकं आली, मोबाईलवर व्हिडिओ सुरू झाले. मग घराचा मध्य म्हणजे ब्रह्मस्थान, तो मोकळा हवा म्हणून टीपॉय गॅलरीत गेला. ईशान्येला जड वस्तू नको म्हणून नलिनीचं शिलाई मशीन तिथून उठलं आणि तांदळाच्या पिंपासकट बेडरूममध्ये आलं. रात्री पाणी प्यायला उठलं की पायाला पिंप लागायचं.

"घर जरा बरा श्वास घेतंय की नाही?" नंदू विचारत.

"घर घेतंय. मला जागा नाही," नलिनी म्हणायची.

शेजारच्या मीराला या सगळ्याची भारी गंमत वाटे. मीरा गायकवाड मूळची परभणीकडची, नवरा कुंडलिक कुरिअर कंपनीत. ती येता-जाता नंदूंना छेडायची. "काका, आमच्या बुद्धाला सगळ्या दिशा चालतात. तुमच्याच देवांचं एवढं नाटक का?"

"देवांचं नाही गं, भिंतींचं नाटक आहे हे," नंदू म्हणत आणि तेही हसत.

एकदा मात्र मीरा आली ती छेडायला नव्हे. तिची श्रुतिका बारावीला होती आणि पोरगी खोलीत बसली की जांभया देई, डोकं दुखतं म्हणे. डोळे तपासून झाले होते. "शास्त्र वगैरे राहू दे काका, पण एकदा येऊन बघता का? उगाच. कुंडलिकला सांगू नका म्हणजे झालं."

नंदू मोबाईलमधलं होकायंत्र उघडून निघाले. हे काय बोलतील आणि आपल्याला कुठं तोंड लपवावं लागेल, म्हणून नलिनीही मागोमाग गेली.

श्रुतिकाच्या खोलीत भर सकाळी ट्यूबलाइट जळत होती. नंदूंनी मोबाईल समोर धरला, चारी भिंतींकडे पाहिलं आणि मोबाईल खिशात ठेवून दिला. "हे कपाट इथं कुणी ठेवलं?"

"लग्नात आलेलं. दुसरीकडे मावत नाही," मीरा म्हणाली. "मागं खिडकी आहे, पण ती आम्ही कधी उघडतच नाही."

"पूर्वेची खिडकी आहे ती. सूर्याला कपाटाआड उभं केलंत तुम्ही."

मग नंदूंनी खोली पावलांनी मोजली, पलंग आडवा केला तर कपाट कुठं बसेल ते बोटाने हवेत आखलं. सगळ्यांनी मिळून कपाट ओढलं. मागून जळमटं निघाली, मीराचं हरवलेलं पैंजण निघालं आणि खिडकी उघडली तशी गुलमोहराची फांदी अर्धी आत आली. खोलीभर ऊन पडलं. श्रुतिकाने उठून ट्यूबलाइट बंद केली.

"काका, हे काही शास्त्र नाही. साधी अक्कल आहे," मीरा म्हणाली.

"मग जुन्या लोकांनी तरी दुसरं काय लिहून ठेवलंय?" नंदू म्हणाले. कपाळाला जळमट लागलेलं, शर्टाची बाही काळी झालेली. नलिनीला स्टोअरमध्ये उभे असलेले नंदू आठवले. नव्या लग्नात एकदा डबा द्यायला गेली होती, तेव्हा ते असेच दिसले होते. तिला त्यांचा अभिमान वाटला आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

घरी आल्यावर तिने त्यांच्या हातावर टॉवेल ठेवला. "एक सांगू? रागवू नका. ती खुर्ची खिडकीपाशी ठेवायला लावली ना अनिरुद्धने..."

"तू सांगितलेलंस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माका तेव्हाच कळला होता गो. अनिरुद्ध खोटं बोलताना लहानपणापासून नाक चोळता." नंदू तोंड पुसत हसले. "गंमत म्हणजे नैऋत्येचं खरंच लिहिलंय पुस्तकात. कोर्स करूनही त्याला ठाऊक नसावं."

"मग तेव्हा काही बोलला का नाहीत?"

नंदूंनी टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली. "नोकरी सुटल्यावर घरात आपण बसायचं कुठं, हेच कळत नव्हतं. सगळ्या जागा तुझ्या. कुणीतरी बोट दाखवून सांगितलं, इथं बस. बरं वाटलं."

नलिनीने कांदे काढले, सुरी काढली आणि दोन्ही त्यांच्यापुढे सरकवलं. "चिरा. पण परतायचे मी."

नंदूंनी मान डोलावली. पुढे मीरामुळे बातमी बिल्डिंगभर झाली आणि लोक बोलवायला लागले. नंदू एकटे जात नाहीत. नलिनी बरोबर असते, कारण नंदू घरातल्या पुरुषाला विचारतात कुठली दिशा अडली, आणि नलिनी बाईला बाजूला घेऊन विचारते की तुला कुठं अडचण होते. एका शेजाऱ्याच्या मेहुण्याकडे, मुलुंडच्या राजेशकडे तर त्या नवरा-बायकोची उत्तरं इतकी वेगळी निघाली, की रिक्षात बसल्यावरही नंदू आणि नलिनी त्यावरून भांडत होते, आणि रिक्षावाल्याने मध्येच मान वळवून, आपल्या घरात मोरी कुठल्या बाजूला हवी, ते विचारून घेतलं.