माझे डोळे जिने फोडले

मी एक लहान विमान बोलतोय. चार आसनांचं, एका इंजिनाचं. बेंगळुरूच्या उत्तरेला लहान विमानांची धावपट्टी आहे, तिथल्या पत्र्याच्या हँगरमध्ये मी उभा असतो. बाहेरून पाहाल तर धडधाकट. पण दार उघडून आत वाकलात, की वैमानिकाच्या समोर जळकं भगदाड दिसेल. ते कसं पडलं याबद्दल बरंच खोटं बोललं गेलं, म्हणून तोंड उघडतोय.

माझे मालक वादिराज. राजाजीनगरातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं मराठी घर, स्वतःचा कारखाना. माणूस दिलदार, पण राग आला की जिभेआधी हात चालायचा. वेग-उंची दाखवणारी माझी एखादी तबकडी अडकली की तिच्यावर मूठ हाणायचे. उतरताना मला असं आदळायचे की चाकांतल्या कळा शेपटीपर्यंत जायच्या. बायकोनं माझ्यात बसणं कधीच सोडलं होतं. कॉलेजात जाणारी मुलगी हर्षिता तेवढी यायची, मागच्या आसनावर, पट्टा घट्ट धरून.

एकदा ढगात शिरल्यावर माझ्या तबकड्यांचा एकमेकींशी मेळ बसेना. एक सांगे वर चाललोय, दुसरी सांगे खाली. ढगातून बाहेर पडलो तर समोर टेकडीचा खडक. वादिराजांनी मला असं मुरडलं की हर्षिताचं डोकं खिडकीवर आपटलं. मग ठरलं, जुन्या तबकड्या सगळ्या उपटायच्या आणि त्यांच्या जागी नवे डिजिटल पडदे बसवायचे.

उपटणं म्हणजे उपटणंच. स्क्रू गंजलेले, म्हणून ड्रिल चालवलं. पत्रा कापला, वायरींचे झुबके आतड्यांसारखे ओढून काढले. हे काम हँगरमधल्या वर्कशॉपच्या आश्लेषाकडे होतं. नागपूरहून आलेली, विमानांची परवानाधारक इंजिनिअर. तिनं दोन झळझळीत पडदे बसवले. पहिल्यांदा ते उजळले तेव्हा वेग, उंची, क्षितिज, सगळं एका नजरेत दिसायला लागलं. इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या तपासणीत तिनं सुकाणू पूर्ण मागे ओढलं आणि थबकली. पडद्यामागून जाणारा वायरींचा जुडगा सुकाणूच्या दांड्यावर घासत होता. एका वायरीचं आवरण सोलवटलं होतं.

त्याच वेळी वादिराज हर्षिताला घेऊन आले. त्यांना म्हैसूरला जायचं होतं. आश्लेषानं सरळ सांगितलं की चूक वर्कशॉपचीच आहे, पण ती निस्तरल्याशिवाय विमान हलणार नाही. तिनं माझ्या बॅटरीची तार काढली.

"स्वल्प ॲडजस्ट करा हो," वादिराज म्हणाले आणि स्वतःच तार जोडू लागले. ती आडवी आली तशी त्यांनी तिला ढकललं. माझ्या पंखाखालच्या दांडीवर तिचं कपाळ आदळलं. माझ्याच दांडीवर. रक्ताची धार तिच्या डोळ्यात उतरली.

वादिराजांनी तार जोडली, हर्षिताला दंड धरून मागे बसवलं, स्वतः पुढे बसले. बटण दाबलं. पडदे उजळले.

तेवढ्यात उजवं दार उघडलं. आश्लेषाच्या हातात हातोडा होता. पडदेच नसले तर उडणार कसे? पहिल्या घावात उजव्या पडद्याला तडा गेला, दुसऱ्यात काच उडाली. जिनं बसवला, तिनंच फोडला. तिसरा घाव पडण्याआधी वादिराज आडवे झाले आणि दार तिच्या मनगटावर ओढून आपटलं. हाड मोडल्याचा आवाज माझ्या पत्र्यातून गेला. त्या हिसक्यात त्यांनी आधाराला धरलेलं सुकाणू पूर्ण मागे आलं.

आणि डाव्या पडद्यामागे ठिणगी उडाली.

धूर कोंडला, मग जाळ. वादिराज खोकत डावीकडून बाहेर पडले. मागची हर्षिता पट्ट्यात अडकली होती. आश्लेषा एका हातानं आत घुसली, पट्टा सोडवला, तिला वेणीला धरून बाहेर खेचलं. मग आगीवर फवारा मारला आणि तिथेच खाली बसली.

वादिराजांनी सगळ्यांना सांगितलं की त्या वेड्या बाईच्या हातोड्यानं आग लागली. लोकांनी मान डोलावली. वर्कशॉपनं तिला घरी बसवलं, पोलिसांत तक्रार गेली. मी सगळं पाहिलं होतं, पण विमानाला कोण साक्षीला बोलावतं?

चौकशीसाठी अधिकारी हँगरमध्ये आले. वादिराजांनी आपली कहाणी पुन्हा सांगितली. हर्षिता त्यांच्या शेजारी उभी होती.

"अप्पा, काच उजवीकडची फुटली," ती हळूच म्हणाली. "आग तुमच्या समोर लागली. तुम्ही सुकाणू ओढलं तेव्हा."

वादिराजांचा हात वर गेला. ती मागे सरली नाही. सगळ्यांच्या देखत तो हात तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला.

अधिकाऱ्यांनी माझ्या पोटात टॉर्च मारला. सुकाणूच्या दांड्याला, वायर घासत होती तिथेच, वितळलेलं तांबं चिकटलं होतं.

तक्रार बारगळली. आता उलट वादिराजांवर मारहाणीचा खटला चालू आहे. आश्लेषा परत कामावर आली, हाताला प्लास्टर. काल हर्षिता तिला भेटायला आली होती. कपाळावरच्या टाक्यांकडे तिला बघवेना. तिनं विचारलं, "आश्लेषाक्का, हे परत उडेल का?"

"उडेल. मी हो म्हटल्यावर."

तोवर मी आंधळा उभा आहे आणि मला घाई नाही. माझ्यासारख्यांच्या मालकांनो, एवढंच मागतो: तुम्हाला कुणी 'नाही' म्हणालं, तर हात उचलण्याआधी मागच्या आसनावर कोण बसलंय ते एकदा वळून बघा.