आधी आत्या

त्या घरात कुठलीही नवी किंवा शंकास्पद वस्तू आधी आत्यांच्या तोंडात जाई. फ्रीजमध्ये राहून गेलेलं दूध, कुणी आणून दिलेली रानातली अळंबी, सासऱ्यांची नवी गोळी. आत्या तरुणपणी विधवा होऊन भावाच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, आश्रयाला आल्या, तेव्हापासूनची ही रीत. "आमच्या वन्सं दगडसुद्धा पचवतील," असं सासूबाई कौतुकाने म्हणत, आणि आत्या सगळ्यांबरोबर हसत.

सून लग्न होऊन आली तेव्हा तिलाही ते गमतीचंच वाटलं होतं. ती रंगाच्या कारखान्यात तपासणी करी. रंगवलेल्या पट्ट्या प्रखर दिव्याखाली ठेवायच्या आणि कुठला रंग टिकतो, कुठला उडतो ते पाहायचं. घरी मात्र तिने अजून कशाचीच तपासणी केली नव्हती.

निवृत्त झाल्यापासून सासऱ्यांनी म्हातारपणाचा धसका घेतला होता. एका सकाळी त्यांनी नाश्त्याच्या टेबलावर काचेची बाटली ठेवली. आत जांभळट तेल होतं.

"कार्बनचे कण आहेत, चेंडूसारखे पोकळ," ते म्हणाले. "ऑलिव्हच्या तेलात मुरवलेले. माणूस आतून गंजत जातो ना, तो गंज हे थांबवतात. प्रयोग चालू आहेत अजून."

"कुणावर, बाबा?" सुनेने विचारलं.

"उंदरांवर. पुष्कळ जगले म्हणे."

"आणि माणसांवर?"

सासरे बाटलीचं बूच न्याहाळत राहिले. सासूबाई चमचा घेऊन आल्या. "आधी वन्सं घेतील की. मग बघू."

आत्यांनी चमचा तोंडात घेतला, गिळला आणि पदराने ओठ पुसले.

मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. सासरे वर्तमानपत्रातून मान न काढता विचारत, "चिमे, त्रास नाही ना?"

"छे रे दादा. उलट गुडघे हलके वाटतात."

"बघा, काय सांगत होतो मी."

बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असे, दुपारच्या उन्हात. एकदा भांडी लावताना सुनेची नजर तिच्यावर गेली आणि हात थांबला. जांभळी झाक गेली होती. तेल तपकिरी पडलं होतं. रंग बदलतो तेव्हा आतलं काहीतरी बदललेलं असतं, हे ती रोज पाहत होती. ते नवीन काय असेल हे मात्र तिला सांगता येईना.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण आत्याला तर बरं वाटतंय."

या घरात तीही बाहेरून आलेली होती. ती उरलेली भांडी लावू लागली.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली म्हणून ती लवकर घरी आली. मागच्या मोरीतला नळ धो धो सुटला होता. आत आत्या भिंतीला एक हात टेकून ओकत होत्या. आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडला होता. त्यांनी वर पाहिलं तेव्हा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला.

"कधीपासून चाललंय हे, आत्या?"

"बाटली आली ना, त्याच आठवड्यापासून. आता रोजचंच झालंय."

"मग बरं वाटतंय असं का सांगता?"

"तो विचारतो कसा, ऐकलंस ना? त्रास नाही ना. त्याला नाहीच म्हणायचं असतं, पोरी." आत्यांनी चूळ भरली. "वहिनी घर चालवते, तू पगार आणतेस. मी चाखते. मला काही सोसेना असं कळलं, तर मी इथे कशाला?" मग त्यांनी सुनेचं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. "सांगू नकोस कुणाला."

सून मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. घाबरलेल्या बाईच्या होकाराला सगळं घर पुरावा समजून बसलं होतं.

तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांची हाक आली. टेबलावर बाटली उघडी होती आणि त्यांच्या हातातला चमचा काठोकाठ भरलेला होता. "चिमेला छान मानवलंय. आता मीही सुरू करतो."

सून तोंड उघडणार तोच मागून आवाज आला.

"दादा, नको घेऊस."

आत्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "मला मानवलेलं नाही. रोज ओकते मी."

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. थोडं तेल टेबलावर सांडलं. "मग इतके दिवस खोटं बोललीस? अगं, माझा जीव गेला असता."

"म्हणून तर सांगितलं," आत्या म्हणाल्या.

त्यांचं पुढे काय, हे कुणीच विचारलं नाही. सासूबाईंनी बाटलीला बूच लावलं. "एवढ्या खटपटीने मिळवलेलं. वन्संना नसेल सोसलं. दुसऱ्या कुणाला सोसेलही." त्यांची नजर मुलाला ओलांडून पुढे सरकली आणि सुनेवर थांबली. त्या नजरेत दुष्टावा नव्हता. ओला टॉवेल हातात घेऊन माणूस खुंटी शोधतो, तशी ती नजर होती.

जागा रिकामी होत होती, आणि ती भरायची या घराला सवय होती.

"हे कुणीच घ्यायचं नाही," ती म्हणाली. "ना मी, ना उद्या कामाला येणारी बाई. आणि आत्यांना मी आत्ता डॉक्टरांकडे नेतेय."

सासरे काहीतरी बोलू लागले. नवरा मान खाली घालून बसला होता. तो उठला आणि त्याने आत्यांच्या चपला आणून त्यांच्या पायांशी ठेवल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आत्यांचे डोळे तपासले, पोट दाबून पाहिलं, आणि विचारलं, "आजी, काय होतंय तुम्हाला?"

आत्यांनी लगेच सुनेकडे पाहिलं. कुठलं उत्तर चालेल, हे त्या तिच्या चेहऱ्यावर शोधत होत्या.

सुनेने चेहरा भिंतीकडे वळवला.

मग मागून आत्यांचा आवाज आला. त्या आधी अडखळल्या, आणि मग सांगू लागल्या.