नऊ नंबरची खाट

खाट नाही, बटण नाही, वायर नाही, पेशंट तर नाहीच नाही. आणि तरी रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरचा नऊ नंबर लाल व्हायचा. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. सोनियाच्या सरांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "बग आहे, ती लाइन उडवून टाक."

सोनिया कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून तिनं जालना रोडमागच्या एका छोट्या दवाखान्यात घंटा बसवल्या होत्या. प्रत्येक खाटेशी दोन बटणं. पेशंटनं लाल दाबलं की सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर त्या खाटेचा नंबर लाल होऊन घंटा वाजणार, आणि सिस्टरनं जाऊन हिरवं दाबलं की गप्प होणार. बोलावल्याची आणि कुणी आल्याची, दोन्ही वेळा पडद्यावर नोंदल्या जाणार. काम साधंच. पोरीची चूक एकच झाली. खाटांची यादी तिनं जुन्या रजिस्टरातून उतरवून घेतली आणि त्यात खाटा नऊ होत्या. वॉर्डात होत्या आठ. नवव्या खाटेच्या जागी, खिडकीच्या कोपऱ्यात, औषधांचं लोखंडी कपाट उभं होतं.

पहिल्या दिवशी घंटा वाजली तेव्हा ती वायर बघायला म्हणून कपाटापाशी गेली. त्या वेळी सगळ्या सिस्टर टेबलाभोवती जमलेल्या असतात. दोनला पाळी बदलते, सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला एकेक पेशंट समजावून सांगते, म्हणजे हँडओव्हर करते, आणि ती वीस मिनिटं खाटांकडं कुणाचं लक्ष नसतं. कपाटापाशी काही सापडलं नाही, घंटा आपोआपच थांबली. पण तिथं उभं राहिलं की आठही खाटा एका नजरेत दिसत, आणि सोनियाला दिसलं की सहा नंबरच्या आजींना पाण्याचा पेला हाताला येत नाहीये. तिनं तो उचलून दिला.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली म्हणून गेली, तर दोन नंबरचं सलाईन संपून नळीत रक्त चढत होतं. तिसऱ्या दिवशी एक बाई उशीत तोंड खुपसून रडत होती. सोनिया तिच्याजवळ नुसती बसली. त्या दिवशी घरी येऊन पोरगी दोन भाकरी जास्त खाऊन झोपली. खरं तेच सांगते, इतकं समाधान तिला कोडिंगनं दोन वर्षांत दिलं नव्हतं.

उन्हाळ्यात मेघा नावाच्या मैत्रिणीला सोबत म्हणून तिनं नर्सिंगची सीईटी देऊन ठेवली होती. नशीब बघा, शेवटच्या फेरीच्या यादीत मेघाचं नाव नाही आणि हिचं आलं. शनिवारी पाचच्या आत कागद आणि पालकांची सही घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली.

तिचे वडील आप्पासाहेब कन्नडकडचे. वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर बावीस वर्षं काढलेली, बजाजनगरात दोन खोल्या. फॉर्म बघितला आणि त्यांचं टाळकंच सरकलं.

"लोकाच्या पोरी कॉम्प्युटरसाठी जीव टाकतात, अन् तू दोन वर्षं मातीत घालून लोकांची घाण काढायला जाणार व्हय?"

"पप्पा, मला ते काम आवडतंय."

"तीन आठवड्यांत? अगं, मशीन खोटं बोलत नाय, रडत नाय, मरत नाय. माणसांत पडलीस तर रोज कुणाचं ना कुणाचं मरण घरी घेऊन येशील. मी नाय सही करत, जा."

आत आईनं तवा जरा जास्तच जोरात आपटला. फॉर्म टीव्हीखाली जाऊन पडला.

गुरुवारी सोनियानं वॉर्डात सहज गंमत केली. "सिस्टर, तुमच्या नऊ नंबरला भारी शिस्त आहे हो. रोज दोन दहा म्हणजे दोन दहा."

करुणा सिस्टर वॉर्डच्या इन्चार्ज. कडक बाई, उगाच हसणाऱ्यातल्या नाहीत. त्यांचा पेन कागदावर थांबला.

"किती म्हणालीस?"

मग त्यांनी सांगितलं, तेही हळू आवाजात, कपाटाकडं पाठ करून. "इथं द्वारकाबाई म्हणून सिनियर सिस्टर होत्या. हँडओव्हरला त्या कधी टेबलाशी बसल्या नाहीत. कोपऱ्यात नऊ नंबरपाशी उभ्या राहायच्या. म्हणायच्या, तुमचं चालू द्या, कुणीतरी खाटांकडं बघाया पाहिजे का नाय? पुढं त्याच आजारी पडल्या, त्याच खाटेवर. तेव्हा उशाशी पितळेची घंटा असायची. एक दिवस दुपारी ती वाजली. आम्ही सगळ्या टेबलाशी. ऐकली गं, मी ऐकली. म्हटलं, एवढा एक पेशंट सांगून होऊ दे, मग जाते." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "गेले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि बाई संपल्या होत्या. त्यानंतर मीच ती खाट काढायला लावली."

सोनियाच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाहेर कडक ऊन, खिडकीतून रिक्षांचे हॉर्न. भीती मेलेल्या बाईची नव्हती, असं नाही. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. गावाकडं बाईच्या अंगात येतं, ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. घुमून झालं की बाई म्हणते, मला काय बी ठावं नाय. रोज दुपारी मी उठत होते, ते कुणाच्या बोलावण्यानं? ही आवड तरी माझी आहे का? चार वर्षांनी नर्सचा पांढरा कोट घालून मीही असंच म्हणाले तर, मला काय बी ठावं नाय?

रात्रभर तिनं कूस बदलली आणि सकाळी ठरवून टाकलं. नववा नंबर काढायचा. घंटा थांबली आणि आपलंही मन थांबलं, तर ती ओढ आपली नव्हती असं समजायचं. मग पप्पा म्हणतात तेच खरं, कॉम्प्युटर बरा.

शुक्रवारी तिनं लाइन उडवली. यादीत आठच नंबर राहिले. तीनदा तपासलं.

शनिवारी दोनला ती टेबलाच्या कडेला पडद्यासमोर बसली. आप्पासाहेबांची त्या दिवशी अर्धीच पाळी होती. सुटले की तिला न्यायला येणार होते, जागेचा विषय संपला असं समजूनच. सिस्टरांचं हँडओव्हर सुरू झालं. दोन आठ. दोन नऊ. पंखा फिरत होता. दोन दहा.

काही नाही. आठच्या आठ नंबर शांत.

दोन अकरा झाले तसा तिनं श्वास सोडला. चला, सुटले एकदाची. बॅग खांद्याला लावून ती दारापर्यंत गेलीसुद्धा. दारात पप्पा दिसले, हातात हेल्मेट.

आणि तिथं तिचा पाय अडला. घंटा नाही, आवाज नाही, मागून कुणी ओढलं नाही, काही नाही. फक्त एवढंच की या वीस मिनिटांत खाटांकडं कुणी बघत नसतं, हे तिला ठाऊक होतं. आणि ठाऊक झालेलं विसरायचं कसं?

"एक मिनिट हं पप्पा," म्हणाली आणि उलट फिरून कोपऱ्यात गेली.

कपाटापाशी उभी राहिली. एक, दोन, तीन. चार नंबरला तात्यासाहेब, लकवा मारलेले म्हातारे. त्यांना तोंडानं काही द्यायचं नाही अशी पाटी लावलेली, पण भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी मायेनं केळं भरवून गेलं होतं. साल उशाशी पडलेली. म्हातारे उताणे, उलटी झालेली, ती घशात अडकून चेहरा निळा पडत चाललेला. घंटेचं बटण खाटेखाली लोंबत होतं. पडद्यावर चार नंबर शांत होता, कारण बटण कुणी दाबलंच नव्हतं.

"सिस्टर!" ती ओरडली आणि ओरडतानाच दोन्ही हातांनी त्यांना कुशीवर वळवलं. बोटानं तोंडातलं काढलं. घाण मनगटापर्यंत आली, तिचं तिकडं लक्षच नव्हतं. करुणा सिस्टर धावत आल्या, मशीन लावून घसा साफ केला. म्हातारे खोकले, पुन्हा खोकले, आणि मग रडायला लागले. सोनियाचा हात काही सोडीनात.

आप्पासाहेब वॉर्डाच्या मधोमध उभे होते. "पडद्यावर तर समदं बरोबर दिसत होतं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. "मग तू कशी गेलीस?"

"तशीच गेले पप्पा. मीच गेले." आणि तिला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले.

हात धुऊन ती पडदा बंद करायला टेबलाशी आली आणि तिथंच थिजली. आठ नंबरांच्या खाली नववी ओळ होती. बोलावल्याची वेळ कोरी. आणि पुढं, तीन आठवड्यांत एकदाही झाली नव्हती, ती खूण हिरवी: कुणीतरी आलं, दोन वाजून बारा मिनिटं.

करुणा सिस्टर तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "चार वर्षं झाली गं," त्या म्हणाल्या. "घंटा न वाजता आज पहिल्यांदा कुणी उठलं."

"सोने," आप्पासाहेबांनी दारातून हाक मारली. "पाचला बंद होतं ना ते तुझं? घरून फॉर्म घेऊन यायला तास जाईल. चल लवकर."

निघताना तिनं मागं वळून पाहिलं. दुपारच्या सिस्टर टेबलाशी राहिलेलं हँडओव्हर पुरं करत होत्या. करुणा सिस्टर त्यांच्यात नव्हत्या. त्या कोपऱ्यात, कपाटापाशी उभ्या होत्या आणि खाटांकडं बघत होत्या.