बैलाचा सोमवार

पेणच्या खारेपाटातल्या त्या गावात सोमवारी बैल जुंपत नाहीत. का म्हणून विचारलंत तर काळुराम सांगेल: महादेवाचा नंदी एकदा दमून चिखलात बसला, काही केल्या उठेना, तेव्हा देवानंच त्याला हा वार दिला. बैल बसला की नांगर बसला, नांगर बसला की माणसंही बसली. काळुरामच्या बायकोला, सीताबाईला, लग्न होऊन आल्यापासून हा वार फार आवडायचा. रांधणं-वाढणं काही सुटत नाही, पण दुपारी पडवीत पाय पसरून पडता यायचं. शेजारची आसिया म्हणायची, आमच्यात जुम्म्याला नमाजेपुरतं थांबतात नि परत कामाला लागतात, अल्ला थकत नाय, मग बसेल कशाला. सीताबाईला वाटे, देव नसेल थकत, आपण थकतो ना बाई.

मग त्यांच्या मुलाने, साहिलने, बैल विकून पॉवर टिलर आणला. तो जिते स्टेशनावर गाडी पकडून रोह्याच्या कंपनीत जातो. तिथे त्याची सुट्टी नेमकी सोमवारची, म्हणून शेतीची सगळी कामं सोमवारीच निघू लागली. सीताबाई कुरकुरली तर म्हणाला, नेम बैलाचा होता, बैलच नाय तर नेम कुणाला? काळुराम तंबाखू मळत राहिला.

सीताबाईचा नुसता संताप झाला. आळीतल्या बाबाजीचा म्हातारा बैल कुणी घेईना, तो तिने मागून आणला नि गोठ्यात बांधला. घ्या, आता बैल हाय, पाळा सोमवार. झालं काय, तर पेंढा, पाणी, शेण सगळं तिच्याच गळ्यात पडलं. कंबरेचा पार काटा ढिला झाला. बैल आपला सातही दिवस रवंथ करत बसलेला.

सोमवार उजाडला. टिलरने चिखल करून झाला, लावणीला चल म्हणून साहिल हाका मारून दमला, शेवटी गोठ्यात आला. सीताबाई बैलाशेजारी गोणपाटावर बसली होती. शेण तसंच पडलं होतं.

"आज सोमवार हाय," ती म्हणाली. "जुंपायचं नाय."

साहिलला हसू आलं. "आये, त्याला जुंपतंय कोण?"

"त्याचं नाय सांगत मी," सीताबाई म्हणाली, नि उठली नाही.