निळ्या चपलेचा बुश

धुळाजीच्या जुन्या जीपमधली वायपरची मोटर गुरगुरत होती, पण दांडे काही हलेनात. शहागडच्या महेबूब मिस्त्रीनं काचेखालचं झाकण उघडलं. सांध्यातल्या बुशचा, म्हणजे आतल्या छोट्या कडीचा, पार चुरा झाला होता. बुश कसला, निळ्या चपलेचं रबर!

"कोन्या गाढवानं बसवलं हे?"

"तुम्हीच की मिस्त्री, परवा. आज पहिल्याच सरीत गेलं. पुढचं काही दिसंना. पुलाच्या कठड्याला घासून आलो."

त्याच चपलेचा दुसरा तुकडा महेबूबनं सकाळी जावयाच्या जीपला बसवला होता. नदीपल्याड आभाळ काळंठिक्कर झालं होतं. त्यानं जावयासोबत तिकडेच निघालेल्या लेकीला फोन लावला.

"फलक, गाडी थांबवायला सांग!"

"पावसात काहीच ऐकू येईना, अब्बा! पर वायपर मस्त चालून राह्यलं. हे तर गाडी हाणूनच राह्यले!"